दोराची लांबी आणि उधारीची वही: नळयोजनेच्या एका विहिरीचं प्रकरण

हे प्रकरण माणदेशातल्या एका गावाचं आहे. गाव आणि माणसं ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत किंवा गाळले आहेत. घडलेला क्रम मात्र तसाच ठेवला आहे. त्या काळात मी लोकसहभागाचं काम बघणाऱ्या एका संस्थेकडून गावात जात होतो. त्यामुळे यातलं बरंचसं माझ्यासमोर घडलं, उरलेलं संबंधितांनी नंतर सांगितलं. ज्यांना गावात जाऊन पाण्याची कामं करावी लागतात, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे.

## पार्श्वभूमी

गावची वस्ती दोन हजारांच्या आतबाहेर. मधे गावठाण, वर डोंगराच्या अंगाला एक वस्ती, खाली ओढ्यापलीकडे दुसरी. पाऊस वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही बहुतेक उत्तरा-हस्ताचा. मृगावर इथे कुणी भरवसा ठेवत नाही. गावाच्या वर 1972 च्या दुष्काळातल्या कामावर बांधलेला पाझर तलाव आहे. त्याच्या खाली, ओढ्याच्या काठाला, जुन्या योजनेची विहीर. संक्रांत सरली की तिचं पाणी खाली जायला लागायचं आणि फेब्रुवारीच्या अखेरीस टँकर सुरू व्हायचा. याला गाव इतकं सरावलं होतं की लग्नाच्या तारखा काढताना टँकरचा विचार आधी व्हायचा.

15 ऑगस्ट 2019 ला जल जीवन मिशन जाहीर झालं. माणशी रोज 55 लिटर आणि घरोघरी नळ हे त्याचं माप. दोन हजार माणसांना म्हणजे रोज 1 लाख 10 हजार लिटर पाणी लागणार. या गावाचा आराखडा झाला, टाकीची जागा ठरली, वाहिन्यांचा नकाशा झाला. ठरायचा राहिला तो उद्भव, म्हणजे पाणी येणार कुठून हेच. बाहेरच्याला हे उलटं वाटेल, पण फायली अशाच क्रमाने पुढे सरकतात.

2022 च्या सुरुवातीला या भागात शाखा अभियंता म्हणून एक तरुण बाई बदलून आल्या. गाव त्यांना ‘मॅडम’ म्हणायचं, मीही तेच म्हणतो. त्या मूळच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या. तिकडे जांभा दगड आणि पाऊस इथल्या कित्येक पट. इथला खडक त्यांनी पुस्तकात वाचला होता, त्यावर काम केलं नव्हतं.

त्या खडकाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळं प्रकरण त्याच्यावर उभं आहे. महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून जास्त भाग बेसॉल्टचा, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा. प्रत्येक थराचा वरचा भाग सच्छिद्र असतो, त्याला विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात. त्याच्या खाली घट्ट काळा पाषाण. दोन थरांच्या मधे कुठे कुठे गेरूसारख्या लाल मातीचा पट्टा. पाणी राहतं ते मुरुमात, मांजऱ्यात आणि पाषाणाला पडलेल्या भेगांत. शंभर पावलांवर पाणी लागतं आणि इथे धूळ निघते, याचं कारण हेच. त्यामुळे अशा गावात विहिरीची जागा चुकली तर टाकी, नळ, मीटर यांतलं काहीच उपयोगाला येत नाही.

## अडचण

26 जानेवारीच्या ग्रामसभेत उद्भवाचा विषय निघाला. तासाभरात तीन जागा पुढे आल्या आणि तीन गट पडले.

पहिली जागा ओढ्याकाठची, जुन्या विहिरीच्या खालच्या अंगाची. जमीन सरपंचांच्या चुलतभावाची. तो बक्षीसपत्र करून द्यायला तयार होता आणि सरकारी कामात हे फार वजनदार ठरतं, कारण जमिनीपायी अडलेल्या योजना प्रत्येक तालुक्यात सापडतात. दुसरी जागा देवळामागची. तिथे जमिनीतलं पाणी सांगणाऱ्या पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला होता आणि गावातले एक निवृत्त गुरुजीही ‘इथे बारमाही झरा होता’ असं ठासून सांगत होते. तिसऱ्या गटाला विहीरच नको होती. दोन-तीन खोल बोअर मारा आणि मोकळे व्हा, असं त्यांचं म्हणणं.

पाणीपुरवठा समितीत नियमाप्रमाणे निम्म्या महिला होत्या. सभेत त्यांच्यातली एकही बोलली नाही.

मॅडमच्या साहेबांचं म्हणणं साधं होतं. मार्चअखेर डोक्यावर आहे, पहिल्या जागेला जमीन मिळते आहे, प्रस्ताव लावा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे भूवैज्ञानिक येऊन पाहणी करतील, त्यांनी नाही म्हटलं तर बघू. पण भूवैज्ञानिकांकडे गावं पुष्कळ आणि दिवस थोडे. त्यांना तुम्ही जी जागा दाखवाल ती ते तपासतात. गावभर फिरून जागा शोधायला त्यांना सवड नसते. म्हणजे कोणती जागा दाखवायची, तिथेच अर्धा निर्णय होऊन जातो.

इथे पहिला निर्णयाचा क्षण आला. मॅडमनी पाडव्यापर्यंत मुदत मागितली. साहेबांनी ती नाखुशीने दिली.

## समोरचे पर्याय

कागदावर चार पर्याय होते.

जुनी विहीर खोल करून आत आडवे बोअर मारणे. खर्च सगळ्यात कमी, पण विहीर का आटते हे कळल्याशिवाय केलं तर ती आणखी थोडी खोल जाऊन तशीच आटणार.

ओढ्याकाठी नवी विहीर. जमीन तयार, रस्ता जवळ, विजेचा खांब जवळ.

खोल बोअर. काम झटपट. मात्र गावात आधीच डाळिंबाच्या बागांसाठी मारलेली बोअर होती, काही सहाशे फुटांच्या पुढे गेलेली. त्यांच्याच भेगांतलं पाणी ओढायचं म्हणजे स्पर्धा, आणि त्या स्पर्धेत ग्रामपंचायतीची मोटार नेहमी मागे राहते. तिचं वीजबिल थकतं, बागायतदाराचं थकत नाही.

चौथा पर्याय दूरच्या धरणावरून येणाऱ्या प्रादेशिक योजनेला जोडून घ्यायचा. हे गाव त्या वाहिनीच्या शेपटाला येणार होतं. वाहिनीच्या शेपटाला काय पोचतं हे शेजारच्या दोन गावांना विचारलं तरी कळत होतं, त्यामुळे यावर फार वेळ गेला नाही.

## लोकांना काय विचारलं

इथून पुढचे काही आठवडे हा या प्रकरणाचा गाभा आहे. लोकांचं ऐका, असं प्रत्येक मार्गदर्शक पुस्तिकेत लिहिलेलं असतं. मॅडमनीही ऐकलंच होतं. ग्रामसभेत चाळीस माणसं बोलली आणि त्यांनी प्रत्येकाचं टिपून घेतलं. त्यातून हाती आले ते गट. ‘विहीर कुठे घ्यावी?’ हा मताचा प्रश्न आहे. मत विचारलं की माणूस आधी आपली भावकी, आपला रस्ता, आपला मान बघतो. त्यात त्याचं काही चुकतं असंही नाही, पण पाण्याबद्दल काही कळत नाही. पुढे जे कळलं ते सगळं मत न विचारता, त्या माणसाने स्वतः पाहिलेलं, हाताळलेलं विचारल्यावर कळलं.

सुरुवात गावठाणातल्या जुन्या आडापासून झाली. नळाला पाणी नसेल तेव्हा बायका अजून तिथे पोहरा टाकतात. पहिल्या दिवशी मॅडमनी विचारलं, ‘पाणी पुरतं का?’ सगळ्यांचं उत्तर एकच, न्हाय पुरत. सरकारी माणसाने असा प्रश्न विचारला तर दुसरं उत्तर कोण देईल? पुढच्या खेपेला त्या नुसत्याच बसल्या, एक घागर स्वतः शेंदली आणि दोर हातात असताना सहज म्हणाल्या, ‘आक्का, एवढा दोर नेहमीच लागतो का?’

आक्का साठीच्या पुढची. ती म्हणाली, “आत्ता लागतुया. संक्रातीला ववसायला आलो तवा तीन परस दोर लागत हुता. तीन आठवडं झालं न्हाईत, पाचावर गेलाय.” परस म्हणजे साधारण माणसाच्या उंचीएवढं माप.

“आणि पूर्वी?”

“पूर्वी बी संक्रातीला तीनच. पर मग शिमग्याला चार, पाडव्याला साडेचार. तळ दिसायचा तो आखितीला.”

दुसरीने दुरुस्ती केली, पाडव्यालाच पाच व्हायचे. तिसरीने तिसरंच सांगितलं. वाद झाला, पण तो अर्ध्या परसाचा. सणांच्या खुणांवर बांधलेली ही पाणीपातळीची नोंद होती आणि कुठल्याही कार्यालयात ती नव्हती. तिचा अर्थ असा निघत होता: संक्रांतीपर्यंत पाणी पूर्वीइतकंच असतं, म्हणजे मुरणं फारसं कमी झालेलं नाही. संक्रांतीनंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ते एकदम कोसळतं, म्हणजे त्या दिवसांत कुणीतरी ते ओढतं.

कोण ओढतं हे माहीत असणारा माणूस फाट्यावर होता. मोटार वाइंडिंगचं दुकान, दोन पंखे, जळालेल्या तांब्याच्या तारांचा ढीग आणि उधारीची वही. आसपासच्या शिवारातली पाण्यात बुडणारी प्रत्येक मोटार कधी ना कधी त्याच्याकडे आलेली. वहीत तारीख, नाव, किती अश्वशक्ती, काय झालं आणि किती येणं बाकी, सगळं. ‘कोरडी चालली’ असा शेरा असलेल्या मोटारी बहुतेक जानेवारीच्या शेवटी आणि फेब्रुवारीत आलेल्या होत्या. त्या जुन्या विहिरीच्या वरच्या पट्ट्यातल्या. डाळिंबाचा आंबे बहार, म्हणजे हिवाळ्याअखेरीचा फुलोरा, धरणारे बागेला आधी ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात, आणि संक्रांतीच्या आगेमागे पाणी सोडायला सुरुवात करतात. तीन आठवड्यांचा हिशोब जुळला.

वही मात्र त्याने लगेच दाखवली नाही. त्याची भीती खरी होती. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला 1993 च्या कायद्यापासून बंदी आहे, आणि त्याच्या वहीतली काही गिऱ्हाइकं त्या अंतराच्या आतली होती. “मॅडम, ही वही तुमच्या फायलीत गेली तर माझं दुकान उठलं,” तो म्हणाला. मॅडमनी शब्द दिला की नाव लिहिणार नाही, फोटो काढणार नाही, कारवाईसाठी वापरणार नाही. त्यांनी फक्त महिने आणि शिवाराचा भाग टिपला.

हा दुसरा निर्णयाचा क्षण, आणि यावर मतभेद होऊ शकतात. पुढे साहेबांनी विचारलंच, कोणाकोणाची बोअर आहेत त्यांची यादी द्या, नोटिसा काढू. मॅडमनी सांगितलं की यादी त्यांच्याकडे नाही, आणि ते खरंही होतं. कायद्याच्या चौकटीत बघणाऱ्याला हे कर्तव्यात कसूर वाटेल. मला ते बरोबर वाटतं. नोटिसा काढायच्या तर महसूल खात्याने पंचनामा करून काढाव्यात, त्यासाठी वाइंडिंगवाल्याच्या वहीची गरज नाही. आणि शब्द मोडला असता तर त्या पंचक्रोशीत पुढची दहा वर्षं कुठल्याही अभियंत्याला कुणी काही सांगितलं नसतं.

तिसरा माणूस विहीर खोदणारा. वडार समाजातले अण्णा. आता हातात काठी, पण आयुष्य पहारीवर गेलेलं. त्यांना मॅडमनी जागा विचारली नाही. कुठे कुठे खोदलंत आणि काय काय लागलं, एवढंच विचारलं. ते एकेका विहिरीचे थर सांगत गेले: माती किती, मुरूम किती, मांजऱ्या कुठे लागला, काळा फत्तर कुठे. त्यात मधेच एक विहीर आली जी कुठल्या नोंदीत नव्हती. ओढ्याकाठी, सरपंचांच्या चुलतभावाच्या त्याच रानात, त्याच्या वडिलांच्या काळात विहीर काढायला घेतली होती. वीस फुटांवर काळा पाषाण लागला, सुरुंग उडवून आणखी दहा फूट गेले, खडखडीत. शेवटी ती बुजवली. त्यावर आता बांध आहे.

गावातल्या पन्नाशीच्या पुढच्या बहुतेकांना हे ठाऊक होतं. ग्रामसभेत कुणी का बोललं नाही, असं मॅडमनी नंतर एकाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, “तुमी बदलून जाशीला. आमाला हितंच ऱ्हायाचंय.” चुलतभावाच्या मनात कपट होतं असंही दिसलं नाही. त्याला दारात सरकारी विहीर आणि तिच्यापायी येणारा पक्का रस्ता हवा होता. वडिलांची विहीर त्याच्या लहानपणी बुजलेली.

चौथा धागा एका मेंढक्याकडून आला, तोही आडवळणाने. त्याचे मुलगे दिवाळीनंतर मेंढरं घेऊन खालच्या मुलखात जातात. गुडघ्यांमुळे तो स्वतः आता मागे राहतो आणि चार शेरडं राखतो. ‘चारा कुठे मिळतो आता?’ या प्रश्नावर त्याने गायरानाकडे हात केला. तिथे काळ्या दगडांची एक रांग उतारावर आडवी गेली आहे, जमिनीतून वर आलेल्या गडग्यासारखी. तिच्या वरच्या अंगाचं गवत शिमग्यापर्यंत ओलं राहतं, खालच्या अंगाचं दिवाळीतच वाळतं. त्याला यात सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं. तो शेरडांबद्दल बोलत होता.

## जे चुकीचं निघालं

हे लिहिताना सगळे गावकरी शहाणे आणि सगळी कार्यालयं अडाणी असं चित्र उभं राहायचा धोका असतो. तसं नव्हतं.

गुरुजींचं बोलणं सगळ्यांत मुद्देसूद होतं. देवळामागच्या झऱ्यावर आपण शाळेची मुलं न्यायचो, तिथे डबे धुवायचो, असं ते तपशिलाने सांगायचे. मॅडमवर त्याची छापही पडली होती. पण त्यांनी तेच आडावरच्या बायकांना विचारलं तेव्हा कळलं की तो झरा कैक वर्षं वाहिलेला नाही. पाझर तलावात गाळ नव्हता तोवर तलावाचं पाणी मुरून तिथे निघत असे. तलाव गाळाने भरला, झरा बंद पडला. गुरुजी खरंच सांगत होते, पण निवृत्तीनंतर त्या बाजूला त्यांचं जाणं उरलं नव्हतं. नारळाची जागाही तीच असल्याने पाणाड्याचा प्रश्न आपोआप मिटला. मॅडमनी त्याला खोटं पाडण्याच्या भानगडीत पडायचं टाळलं. ते शहाणपणाचं होतं, कारण अर्ध्या गावाची श्रद्धा त्याच्यावर होती आणि भांडण ओढवून विहिरीला पाणी लागत नाही.

वाइंडिंगवाल्याचा एक निष्कर्षही टिकला नाही. खोल बोअरला पाणी नक्की आहे असं तो म्हणायचा. पण त्याच्याकडे मोटारी यायच्या त्या पाणी लागलेल्या बोअरच्या. कोरड्या गेलेल्या बोअरमध्ये मोटार उतरतच नाही, त्यामुळे त्या त्याच्या वहीत येण्याचा प्रश्नच नव्हता. हे मॅडमच्या लक्षात आलं. माझ्या आलं नव्हतं.

## केलेली कृती

मार्चच्या मध्यात भूवैज्ञानिक आले. त्यांना ओढ्याकाठची जागा दाखवली आणि बुजलेल्या विहिरीची हकिकतही सांगितली. मग गायरानातली दगडांची रांग दाखवली. त्यांनी ती पाहताक्षणी ओळखली. तो डाइक होता, जुन्या लाव्ह्यात नंतर घुसून उभा गोठलेला दगडाचा पट्टा. असा पट्टा जमिनीखाली बांधासारखा आडवा राहिला तर वरून झिरपत येणारं पाणी त्याच्या पाठीला अडतं. दर वेळी असं होतंच असं नाही, म्हणून त्यांनी यंत्राने चाचणी घेतली आणि वरच्या अंगाला एक चाचणी बोअर सुचवलं. बोअरला उथळ थरातच पाणी लागलं. विहिरीची जागा ठरली.

आता दोन नवे पेच.

गायरान सरकारी, त्यामुळे बक्षीसपत्राची भानगड नाही. पण ते चराईचं. ज्याच्यामुळे जागा कळली त्या मेंढक्याच्या घराचं ओलं गवत विहिरीच्या उपशाने जाणार होतं. त्याने ते समितीपुढे स्पष्ट बोलून दाखवलं. समितीतल्या दोघांनी ‘चार शेरडांसाठी गाव तहानलेलं ठेवायचं का’ असा सूर लावला. मॅडमनी मेंढक्यालाच विचारलं, काय केलं तर चालेल? त्याने टाकीच्या ओव्हरफ्लोवर जनावरांसाठी हौद मागितला, आणि जूनमध्ये मेंढरं परतल्यावर तो रिकामा नसावा ही अट घातली. हौद अंदाजपत्रकात नव्हता. ग्रामपंचायतीने तो स्वनिधीतून बांधला.

दुसरा पेच बागायतदारांचा. नव्या विहिरीच्या आसपासची काही बोअर त्याच पाण्यावर होती. मॅडमनी त्यांना एकत्र बसवलं नाही, एकेकाच्या बागेत जाऊन भेटल्या. सुरुवातीला कुणीतरी हिवरे बाजारचं उदाहरण काढलं. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या त्या गावाने पोपटराव पवारांच्या पुढाकाराने शेतीसाठी बोअर बंद केली आणि दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली, हे सगळ्यांना माहीत होतं. एक जण वैतागून म्हणाला, “ते गाव आमाला रोज सांगत्यात. आमच्या बागेचं कर्ज तिथलं गाव फेडणार हाय का?” तुम्ही बहार का बदलत नाही, असं मॅडमनी विचारलं तेव्हा त्यांना डाळिंबाचं गणित ऐकायला मिळालं. मृग बहार धरला तर पावसाच्या दमट हवेत तेल्या रोग बागा बसवतो. आंबे बहाराला पाणी लागतं पण फळ स्वच्छ येतं. म्हणजे शेतकरी हट्टाने पाणी ओढत नव्हता, रोगाला घाबरून ओढत होता. हे ऐकलं नसतं तर ‘पीकपद्धती बदला’ हा सल्ला देऊन सगळे मोकळे झाले असते.

शेवटी जमलं ते एवढंच: ज्यांच्याकडे शेततळी होती त्या दोघांनी फेब्रुवारी ते मे तळ्याचं पाणी वापरायचं आणि बोअर बंद ठेवायचं. एकाने रात्रीआड मोटार चालवायचं कबूल केलं. एकाने साफ नकार दिला. लेखी काहीच झालं नाही. लेखी मागितलं असतं तर हेही मिळालं नसतं, असं मॅडमचं मत.

पाणी तपासणीच्या किटसाठी गावात पाच महिलांना प्रशिक्षण द्यायचं होतंच. त्यांनाच दर अमावास्येला आडाची आणि नव्या विहिरीची पातळी मोजायचं काम दिलं. आक्काच्या सुनेने पहिली नोंद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिली, परसात आणि मीटरमध्ये दोन्ही.

## निष्पत्ती

2022 चा पाऊस चांगला झाला. 2023 च्या उन्हाळ्यात नवी विहीर एप्रिलच्या अखेरीपर्यंत चालली, टँकर मे महिन्यात थोडे दिवस लागला. गावात कौतुक झालं, पण एका चांगल्या वर्षावरून विहिरीची परीक्षा होत नसते. 2023 ला पावसाने ओढ दिली आणि 2024 चा उन्हाळा सगळ्या माणदेशाला जड गेला. त्या वर्षी मार्चच्या मध्यात उपसा निम्म्यावर आला आणि एप्रिलपासून टँकर. शेततळीच भरली नव्हती, तेव्हा त्या दोघांपैकी एकाने बोअर सुरू केलं. दुसऱ्याने बंद ठेवलं आणि बागेचा एक तुकडा वाळू दिला. गावाने त्याची काही दखल घेतल्याचं मला दिसलं नाही.

तरी जुन्या दिवसांच्या मानाने टँकर महिनाभर उशिरा आला, तोही वाईट वर्षात. ओढ्याकाठच्या पाषाणात विहीर गेली असती तर काय झालं असतं याचा अंदाज अण्णांच्या बुजलेल्या विहिरीवरून करता येतो.

पाचपैकी तिघींनी पातळी मोजणं सोडलं. एकीचं लग्न झालं, दोघींना मानधन कधी मिळालंच नाही. दोघी अजून मोजतात.

## काय वेगळं करता आलं असतं

क्रम बदलता आला असता. वाइंडिंगवाला, बोअरच्या गाडीवरचे लोक, विहीर खोदणारे यांच्याकडे ग्रामसभेच्या आधी गेलं पाहिजे. सभेत एकदा जागांवर गट पडले की मग मिळणारी प्रत्येक माहिती कुणाच्या तरी बाजूची ठरते. मॅडमना गायरान सुचवताना ‘तुम्ही सरपंचांच्या विरोधात’ हे ऐकून घ्यावं लागलं. जागा आधी निघाली असती तर चुलतभावाचाही मान राहिला असता.

मोबदल्याचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. अण्णांनी दोन दिवस काठी टेकत शिवार फिरवलं. भूवैज्ञानिकांना प्रवासभत्ता होता, मला पगार होता, अण्णांना चहा मिळाला. अहवालात त्यांच्या सांगण्याचं रूपांतर ‘स्थानिक चौकशीअंती असे समजते की’ या ओळीत झालं. ज्याच्या एका वाक्याने काही लाखांचा खर्च वाचला, त्याला सल्लागाराचं मानधन देण्यासाठी कुठल्याही अंदाजपत्रकात रकाना नसतो. तो असायला हवा, आणि अहवालात माणसाच्या संमतीने त्याचं नावही.

सगळ्यांत मोठी उणीव वेगळीच आहे. चौकशी झाली जानेवारी ते मार्च. या काळात वरच्या वस्तीतली बरीच घरं ऊसतोडीला गेलेली असतात. दिवाळीच्या सुमाराला कुलपं लागतात ती कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप हंगाम संपल्यावर, उघडतात. ग्रामसभा 26 जानेवारीची, तेव्हाही ती माणसं फडावर. वाहिन्यांच्या सर्वेक्षणात त्यांची नोंद ‘बंद घर’ अशी झाली. वाहिनी शाळेपर्यंत गेली आणि वरच्या अंगाच्या दहा-बारा घरांना तोट्या बसल्या, पण दाब पोचत नाही. परत आल्यावर तिथल्या बायकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की जुन्या योजनेतही पाणी शाळेच्या वर कधी चढलं नव्हतं. विहिरीसाठी इतक्या जणांकडे जाऊन विचारलं गेलं, आणि विहिरीच्या पाण्याची ज्यांना सर्वांत जास्त गरज ते त्या वेळी गावातच नव्हते. फोन सगळ्यांकडे होते. मुकादमाकडून नंबर घेऊन बोलता आलं असतं.

मॅडमची आता दुसऱ्या तालुक्यात बदली झाली आहे. जाण्याआधी त्यांनी वरच्या वस्तीसाठी वेगळ्या छोट्या टाकीचा प्रस्ताव लावला. तो मंजुरीत आहे. नव्या अभियंत्यांना त्यांनी एक टिपण दिलं: वस्तीची पाहणी मे महिन्यात करा, दुपारी जाऊ नका, आणि टाकीची जागा विचारू नका, हंडा कुठे टेकवता ते विचारा.